होमस्टेडचे खरेदीखत

संसाराकडे पाठ फिरविलेल्या मंडळींनी आगगाडीच्या स्टेशनाचे गाव विकत घ्यावे काय, हा प्रश्न ऐकणाराला थट्टेचा वाटेल. परंतु अमेरिकेच्या आयोवा संस्थानातील अमाना येथील समाजापुढे १८६१ साली तो खरेदीखताच्याच रूपाने उभा राहिला, आणि लोहमार्गावरचे होमस्टेड हे गाव त्यांनी घेऊनही टाकले.

ही मंडळी मूळची जर्मनीतील. ईश्वर प्राचीन काळी बोलून थांबलेला नाही, तो आजही निवडक स्त्रीपुरुषांच्या मुखाने बोलतो, अशी त्यांची १७१४ पासूनची श्रद्धा, आणि अशा व्यक्तीला ते ईश्वराचे ‘अवजार’ म्हणत. क्रिस्टियान मेट्झ या मूळच्या सुताराने, जो स्वतः असेच एक अवजार मानला जाई, त्यांना प्रथम बफलो शहराजवळ आणि पुढे, शहराचे वारे अंगाला लागू लागले तेव्हा, १८५५ मध्ये आयोवाच्या माळावर नेले. तेथे शेत, घर, गिरणी सर्व सामाईक, चूलदेखील सामाईक. त्यांनी लोकरीच्या व पिठाच्या गिरण्या चालविल्या, त्यांसाठी पुढे आयोवा नदीचे पाणी सुमारे ७ मैलांच्या पाटाने आणले, निळ्या छापाचे सुती कापड काढले. आणि कापड विकावयाचे तर आगगाडी हवी, ती परक्यांच्या हाती राहण्यापेक्षा तिच्या वाटेवरचे गावच आपल्या हद्दीत असावे, असा सरळ हिशेब झाला.

या हिशेबात दांभिकता होती असे मला वाटत नाही. चुकले असेल ते अधिक सूक्ष्म आहे. आपल्याकडे गोसाव्याच्या अंगावर लंगोटीखेरीज काही नसे, पण मठाच्या नावे इनामगावे असत, आणि त्या इनामाचा तंटा सरकारदरबारी गेला म्हणजे तोच विरक्त पुरुष कुळकर्ण्यालाही लाजवील अशा दक्षतेने दफ्तर उघडी. ‘माझे’ हा शब्द टाकणे कठीण खरे. परंतु तो टाकल्यावर रिकाम्या जागी ‘आमचे’ हा शब्द किती निर्मळ मुद्रेने येऊन बसतो, हे त्याहून दुर्लक्षित सत्य आहे. ज्या जगापासून अमानाकर दूर सरले, ते जग आगगाडीने आणले असे म्हणणे हा त्या बिचाऱ्या इंजिनावर अन्याय होय. विक्रीसाठी विणलेल्या पहिल्या ताग्यातच ते आलेले होते. आणि ते इतके आत आले होते की, पुढे पहिल्या महायुद्धात रंग मिळेनासा झाला, तेव्हा निळे कापडच बंद पडले.

मात्र गिरणी सोडून प्रार्थनामंदिराकडे वळावे. त्याला शिखर नाही, मनोरा नाही, रंगीत काच नाही. बाहेरून पाहावे तर ते शेजारच्या घरासारखेच एक लांबट घर, आत रंग न दिलेले बाक, एका अंगास पुरुष व दुसऱ्या अंगास स्त्रिया. ‘आमचे मंदिर’ म्हणून मिरवावे असे त्या भिंतींत काहीच ठेवलेले नाही, आणि हे रितेपण योजून साधलेले असल्यामुळे मला ते कोरीव कळसाहून अधिक बोलके वाटते.

१९३२ साली सामाईक कारभार मोडला, धंद्याची भागभांडवलाची कंपनी झाली, चुली घरोघर पेटल्या, आणि धर्मसंस्था तेवढी निराळी राहिली. स्मशानभूमीची वहिवाट मात्र बदलली नाही. तेथे शिळा सारख्या, लहान. मृत्यूच्या क्रमाने एकामागून एक पुरावयाचे, त्यामुळे जन्मभर एका घरात नांदलेले पतिपत्नीही शेजारी येतील असे नाही.