कुणाला न सांगता

सावित्रीकाठी अजून उजाडायचं आहे. महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या कोकणी मुसलमान घरात मात्र दिवा लागला आहे. रात्रीची तांदळाची भाकरी, थोडं कालवण, आणि पहाटेच्या फजरच्या अजानआधी रोज्याची नियत, म्हणजे मनाशी संकल्प.

हा रमजान नव्हे. साधा सोमवार आहे. प्रेषित मुहंमद सोमवारी आणि गुरुवारी रोजा ठेवत. तसा ठेवणं सक्तीचं नाही. हा नफिल रोजा. राहून गेला तर पाप नाही. रमजानमध्ये सारा मोहल्ला सोबत असतो. इथे माणूस उपाशी असतो, कुणाला न सांगता.

दुपारी दुकानात शेजारी चहा मागवतो. हा रोजेदार हसून नको म्हणतो. कारण सांगत नाही. जिभेवर कडू शब्द आला, तर तोही गिळतो. माप चोख ठेवतो. नाहीतर नुसती भूकच पदरी पडायची. सोमवार धरणारे तुमच्याही घरी असतील. त्यांना हे लगेच उमगेल. माणसाचा कस मला इथेच लागताना दिसतो, कुणाला न सांगता केलेल्या कामात.

आणि यात केवढी माया आहे! पाहुणा आला, यजमान जेवत नाही म्हणून अवघडला, तर हा रोजा सोडायची मुभा आहे. खुशाल त्याच्यासोबत ताटावर बसावं. रोजा गुरुवारी ठेवता येतो.