उपाशी गोधड्या

सासूबाई 2019 मध्ये गेल्या. दागिने, भांडी, शेतातल्या बांध्या, सगळ्याची वाटणी एका दुपारी उरकली. कोणाचा आवाजही चढला नाही. मग मधल्या खोलीतली लाकडी पेटी उघडली. आत सात गोधड्या, सातही अर्धवट. नणंदांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग दोघींनी माझ्याकडे. "वहिनी, तुम्ही मास्तरीण. तुमच्याकडे टापटीप आहे, तुम्हीच ठेवा." नको असलेली वस्तू मानाने कशी गळ्यात घालावी, हे आमच्या घराकडून शिकावं.

टापटीप आहे, खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत हजेरीपट सांभाळले. पहिल्याच रविवारी वही काढली आणि गोधड्यांना नंबर दिले. एक नंबरचा नुसता वरचा थर जोडलेला. पोट नाही, अस्तर नाही. दोन नंबरचे तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी टाचलेले, कडेने दोन वेढे धावदोरा. तीन नंबर निम्मी झालेली. चार नंबर म्हणजे माझ्या मुलीसाठी 2003 साली धरलेलं दुपटं. मुलगी आता एम. ए. करते. पाच आणि सहा एकसारख्या, बहुधा दोघी नणंदांसाठी. सात नंबरला गोधडी म्हणावं का, हेच मला ठरवता येईना. एका विटक्या लुगड्यात बांधलेले चौकोनी तुकडे, रंगाला रंग लावून थप्पीत रचलेले, टाका एकही नाही. ती गोधडी त्यांच्या डोळ्यांपुढे शिवून झालेली असणार. वहीत मात्र मी 'चिंध्या' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं.

तीन नंबर उलगडली तेव्हा सुई आतच होती. चार टाके सुईवर घेतलेले, दोरा ओढायचा राहिलेला. उठल्या असतील कशाला तरी, चुलीवर काही उतू गेलं असेल किंवा वासरू सुटलं असेल. सुई गंजून कापडाला धरून बसली होती. खोबरेल लावून, चिमटीत फिरवत फिरवत काढली, तर फिक्या निळ्या कापडावर बोटाच्या पेराएवढी तपकिरी रेघ राहिली. लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकलं की असा डाग फिका पडतो, मला माहीत आहे. चोळलं नाही.

या गोधड्या आळसाने राहिल्या असं कोणी समजू नये. आमचं नागरा गोंदियापासून पाचेक किलोमीटर, आणि चहूकडे धान. गोधडी धरायची ती चैत्र-वैशाखात, हात मोकळे असताना. मृग लागला, पऱ्हे टाकले, की पुढे रोवणी, निंदण, कापणी, चुरणी. सुई ज्या टाक्यावर असेल तिथेच थांबायची. पुढच्या उन्हाळ्यात कोणाचं तरी बाळंतपण निघायचं, मग त्या बाळाची नवी गोधडी आधी. जुनी पेटीत खाली जायची.

सासूबाईंची एक रीत होती. गोधडी सगळी शिवून झाली की शेवटचं बोटभर तोंड उघडं ठेवायच्या, त्यातून चिमूटभर तांदूळ आत सोडायच्या आणि मग तोंड बंद. "तिचंही पोट आहे ना," म्हणायच्या. हे कुठून आलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण याचा दुसरा अर्थ उघड होता: जी पुरी झाली नाही ती उपाशी. आमच्या गावी जुनं शिवमंदिर आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि घरोघरी पाहुणे उतरतात. लग्नानंतरच्या पहिल्याच यात्रेत अंथरुणं कमी पडली. मी पेटीतून एक निम्मी गोधडी काढली आणि तणशीवर अंथरायला निघाले. सासूबाईंनी हातातून घेतली. "उपाशी गोधडीवर पाहुणा नोको निजवू वो बाई." आणि स्वतःच्या अंगावरची काढून दिली. त्या रात्री त्या चवाळं पांघरून झोपल्या. मी बी. एड. करून आलेली, मनात म्हटलं, काय हा अडाणीपणा. पेटी माझ्याकडे आल्यावर पहिली आठवण हीच झाली.

पहिल्या वर्षी खुळेपणाही मीच केला. साती गोधड्या पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून, तोंडं घट्ट बांधून माळ्यावर ठेवल्या. आमच्याकडे चार महिन्यांत हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पिशवीत आत कोंडलेली ओल बाहेर जाणार कुठून? दसऱ्याला उघडल्या तर पाच नंबरवर काळे ठिपके, मिरी सांडल्यासारखे, आणि वास तर असा की नवरा अंगणात जाऊन बसला. तेव्हापासून प्लास्टिक बंद. प्रत्येक गोधडी धुतलेल्या जुन्या सुती लुगड्यात बांधते. पेटी चार विटांवर, भिंतीपासून हातभर लांब, नाहीतर वाळवीला जिना मिळतो. कडुनिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवून. ओला घातला तर तोच डाग पाडतो. वर्षातून दोनदा ऊन, आणि परत घडी घालताना आधीच्या घडीवर घालायची नाही. एकाच मोडीवर कापड वर्षानुवर्षं राहिलं की तिथे धागा तुटतो, कात्री न लावता कापलं जातं. टेरिकॉटचे तुकडे वेगळे काढले. ते सुती कापडाशी नांदत नाहीत, टाका घसरतो. आणि सुई कोणत्याही गोधडीत ठेवायची नाही. जिथे थांबले तिथे लाल दोऱ्याची सैल गाठ.

हे सगळं जमलं. पण हे मी कशासाठी करते आहे, याचं उत्तर काही जमेना. ठेवणं म्हणजे नुसता मोह का? गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं, एवढ्यावर तो माणूस 1956 पर्यंत गावोगाव हिंडला. त्यांना पेटी दाखवली असती तर म्हणाले असते, थंडीत कुडकुडणारी माणसं बाहेर आहेत आणि तू कापड कोंडून बसलीस? हा टोला खरा आहे आणि मी तो टाळत नाही. दर थंडीत घरातल्या दोन-तीन पुऱ्या गोधड्या देऊन टाकते. पण निम्मी गोधडी देणं म्हणजे दान नव्हे, आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं.

संकल्प सोडला की तो पुरा करावा, व्रत धरलं की उद्यापन करावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. माणूसच मध्ये गेलं तर? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो. श्रद्धा होती, पण मन मध्येच ढळलं, शेवट गाठला नाही, अशाचं काय होतं? इकडचाही नाही, तिकडचाही नाही, फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना तो? श्रीकृष्ण म्हणतात, नाही, असा माणूस नष्ट होत नाही. तो सदाचारी श्रीमंतांच्या घरी किंवा योग्यांच्या कुळात जन्म घेतो, आधीच्या देहातली बुद्धी त्याला तिथे परत मिळते, आणि तो तिथून पुढे निघतो.

शाळेत असताना, निवृत्त झाल्यावर, मी हे किती वेळा वाचलं आहे. दर वेळी त्या माणसाच्या बाजूने वाचलं आणि बरं वाटून घेतलं. पेटी समोर आल्यावर पहिल्यांदा त्या घराकडे लक्ष गेलं. त्याचं पुढचं सगळं त्या घरावर टेकलेलं आहे, आणि त्या घरच्यांना तर कोणी काही सांगितलेलंही नाही. आपल्याकडे जन्मलेलं हे पोर कुठल्या टाक्यावरून आलं आहे, त्यांना काय ठाऊक? त्यांनी फक्त घर झाडून-पुसून ठेवलेलं असतं. बाकी त्याचं ते बघतं.

म्हणजे दुसऱ्याचं पुरं करू नये, असं माझं म्हणणं नाही. एकनाथ महाराजांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आलं आणि 1599 मध्ये ते गेले. उरलेलं गावबाने पुरं केलं असं परंपरा सांगते. हा गावबा कोण, तर पुरणपोळीवाचून न जेवणारा पोरगा, आईने कंटाळून नाथांच्या वाड्यावर आणून सोडलेला. काम पंडिताकडे गेलं नाही, त्या घरी पुरणपोळ्या खाऊन वाढलेल्याकडे गेलं. यातलं इंगित मला फार उशिरा कळलं.

कारण तोवर मी दोन नंबरची वाट लावली होती. 2021 च्या उन्हाळ्यात वाटलं, एक तरी हातावेगळी करू. शिलाई मशीन काढलं. तीन थर सुईखाली जाईनात, दोन सुया मोडल्या, तरी हट्टाने एका दुपारी संपवली. सासूबाईंचा धावदोरा पाण्यासारखा, थोडा इकडे थोडा तिकडे; माझी शिलाई सरळ, दाबून बसलेली. हाताने लिहिलेल्या पत्रात मध्येच टाईप केलेल्या ओळी याव्या तसं दिसतं. नवऱ्याने एक रात्र अंगावर घेतली, सकाळी घडी घालून ठेवली आणि एवढंच म्हणाला, "कडक झाली." तांदूळ घालायचेही मी विसरले होते. वहीत दोन नंबरपुढे 'पूर्ण' लिहिलेलं आहे, आणि सातांतली सगळ्यात उपाशी तीच आहे.

शेजारच्या काकू विहारात जाणाऱ्या. त्यांना हे सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, आमच्यात भिक्खूंचं चीवरसुद्धा तुकड्यांचंच असतं. मगधातली धानाची शेतं दाखवून भगवान बुद्धांनी आनंदाला विचारलं, असं चीवर करता येईल का, आणि आनंदाने बांध्या आणि धुरे दिसतील असे तुकडे जोडले. हे ऐकून मी गच्चीवर जाऊन पाहिलं. रोवणी नुकतीच झाली होती. इतकी वर्षं ज्याला शेत म्हणत होते ते आमच्या पेटीतलंच एक कापड निघालं. काकूंनी आणखी एक सांगितलं. वर्षावास संपल्यावर कठिण चीवराचा विधी असतो. ते कापड त्याच दिवशी कापायचं, शिवायचं, रंगवायचं. "अर्धवट ठेवायची सोयच नाही," काकू म्हणाल्या. एका दिवसात कसं होतं? "एकटा भिक्खू शिवत नाही ना. सगळे बसतात."

सासूबाई एकट्या शिवत. मी शेजारी बसून वह्या तपासायची.

यंदा वैशाखात मुलगी सुट्टीला आली. पेटी उन्हात काढली होती, तिने दुपटं उचललं. "हे माझं?" म्हटलं, तुझं होतं, तू मोठी झालीस. ती खाटेवर बसली आणि लाल गाठ सोडून शिवायला लागली. टाके लांब, वाकडे, एक तर वरच्या थरातूनच निसटलेला. माझा हात पुढे जात होता, तो मी मांडीखाली घेतला. आठ दिवसांत वीतभर झालं असेल. आजीचा टाका कुठे संपतो आणि हिचा कुठे सुरू होतो, कोणालाही दिसेल.

जायच्या दिवशी तिने विचारलं, "तांदूळ कधी घालायचे?"

"शेवटी."

"तोवर ती उपाशीच?"

कापडात दाणा ठेवला तर उंदीर आठवडाभरही गोधडी ठेवणार नाहीत, हे मी तिला सांगितलं. ते खरंच आहे. पण ती गेल्यावर घरच्या एचएमटीचे मूठभर तांदूळ स्टीलच्या डबीत भरले, झाकण घट्ट लावलं आणि डबी पेटीवर ठेवली. नवऱ्याने परवा भात टाकताना तीच डबी उघडली. ओरडले त्याच्यावर. कारण सांगता आलं नाही.