पाटीवरचे नाव

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात मी चार वर्षे काढली. पण ते नाव ज्याचे, तो गृहस्थ कोण, हे विचारण्याची बुद्धी मला कधी झाली नाही. परवा गावच्या शाळेचे पत्र आले : एका खोलीचा खर्च द्या, तुमच्या वडिलांच्या नावाची पाटी लावू. तेव्हा मात्र त्या साहेबाची चौकशी करावीशी वाटली.

सर जेम्स फर्ग्युसन हा स्कॉटलंडातला खानदानी जमीनदार. १८५४ साली इंकरमनच्या लढाईत जखमी झाला, त्याच साली पार्लमेंटात निवडून आला. पुढे दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि १८८० ते १८८५ मुंबई इलाखा, अशी तीन ठिकाणची गव्हर्नरी. मग काही काळ टपालखात्याचे मंत्रिपद. १९०६ साली मँचेस्टरमध्ये त्याला हरवले ते क्लाइन्स या मजूर पुढाऱ्याने, वयाच्या दहाव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेल्या माणसाने! पुढच्याच जानेवारीत जमैकातल्या किंग्स्टनच्या भूकंपात साहेब गेला. नेमून दिलेले काम करणारा, बेताचा माणूस.

कॉलेजाला त्याने दिले बाराशे रुपये. आगरकर-गोखल्यांनी तुटपुंज्या पगारावर उमेदीची वर्षे दिली. नाव मात्र साहेबाचे! हा अन्याय नव्हे काय?

पण गंमत अशी, की १८८५ साली हे नाव दिले ते संस्था काढणाऱ्यांनीच. मग ही लाचारी म्हणायची का? मला तसे वाटत नाही. स्वतःच्या पोटासाठी मान लववणे ही लाचारी. दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपली पाटी बाजूला ठेवणे हे निराळेच काही. अर्थात या दोहोंमधली रेघ फार बारीक आहे, हे मी जाणून आहे.

आता माझी पाटी. वडिलांचे नाव म्हणता म्हणता खाली ‘चिरंजीव अमुक यांजकडून’ हे मला आधीच दिसू लागले होते! बरे, ‘नाव नको’ असे कळवावे, तर त्या नकारातही एक पाटी असतेच. फक्त ती मनात टांगलेली असते.

अखेर पैसे पाठवले आणि लिहिले : पाटी पाहून कुणाला दुसरी खोली बांधावीशी वाटणार असेल, तर जरूर लावा. एखाद्या मोठ्याचे नाव दिल्याने काम होणार असेल, तर त्याचे द्या. नाहीतर भिंत कोरी राहू द्या. मुले तिच्यावर काहीतरी लिहितीलच.