युक्त विहार

मागील हिवाळ्यात मुंबईचे एक वकील स्नेही काही कामानिमित्त पणजीस आले होते. काम दोन दिवसांत आटोपले आणि तिसरा दिवस मोकळा राहिला. ते म्हणाले, "मला समुद्रकिनारा नको, देखावे नकोत. जेथे काही करावे लागणार नाही अशा एखाद्या ठिकाणी एक दिवस घेऊन चला." मांडवीत नांगरलेल्या जुगाराच्या नौका आणि रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्यांची रांग पाहून त्यांचा जीव उबगला होता. मी तत्काळ म्हणालो, "दिवाडीला जाऊ."

त्या रात्री डिचोलीस घरी हा बेत सांगितला, तेव्हा आमचे काका काही वेळ गप्प राहिले. काका ऐंशीच्या घरातले. सप्तकोटीश्वराची सोमवारची पूजा त्यांनी सहसा चुकवलेली नाही. शेवटी ते म्हणाले, "दिवाडीला? आणि मौजेसाठी? ज्या बेटावरून देवाला परागंदा व्हावे लागले, तेथे तू हवा खायला जाणार?" मी उत्तर दिले नाही. वकिलाला उत्तर सुचले नाही असे सहसा होत नाही. पण प्रश्न विचारणारा उलटतपासणी घेत नसून मनापासून दुखावला आहे असे दिसले, म्हणजे युक्तिवाद जिभेवर येत नाही.

काकांचे म्हणणे निराधार नव्हते. गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत असलेल्या सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावर. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते देऊळ पडले. पुढे विजयनगरच्या राज्यात माधव मंत्र्याने त्याचा उद्धार केला. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात, ते पुन्हा उद्ध्वस्त झाले. लिंग काही काळ विहिरीवर पाणी ओढणाऱ्यांच्या कामी लावले होते, असे जुनी माणसे सांगतात. भक्तांनी ते पलीकडे डिचोली महालात नेले. तेथे तेव्हा आदिलशाही अंमल होता. नदी ही दोन राज्यांची सीमा होती. शके १५९० मध्ये, म्हणजे इ. स. १६६८ च्या नोव्हेंबरात, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नार्व्याच्या देवळाचे काम सुरू झाले; तसा शिलालेख तेथे आहे. अलीकडे, २०२३ साली, त्याच देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला. खांडोळ्याचा गणपतीही मूळचा दिवाडीचाच. तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या कुलकथेत त्या पाण्याचे एक ओलांडणे आहे, आणि ते सहलीचे ओलांडणे नव्हे.

माझ्या पिशवीत त्या दिवशी आणखी एक कागद होता. शहरातील काही सुविद्य स्नेह्यांनी एक निवेदन तयार केले होते. दिवाडीला पूल होऊ नये, बेटाची शांतता जशीच्या तशी राखावी, असा त्याचा आशय. पुलाची चर्चा गेली कित्येक वर्षे अधूनमधून निघते. निवेदन उत्तम लिहिलेले होते आणि मी त्यावर सही करावी अशी त्यांची अपेक्षा होती. सही करण्यास माझी हरकतही नव्हती.

सकाळी रायबंदरचा जुना सेतू ओलांडून आम्ही जुने गोवे गाठले. १६३० च्या दशकात बांधलेला हा मार्ग अजून वाहतूक पेलतो आहे. व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरलो आणि फेरीबोटीत बसलो. पाणी ओलांडण्यास काही मिनिटेच लागतात. परंतु तेवढ्यात माणसाची चाल बदलते. बोट सुटेपर्यंत थांबावे लागते, आणि ज्याला थांबावे लागते त्याची घाई निम्मी उतरते. पलीकडे दोहों बाजूंस खाजन शेते, त्यांतून सरळ गेलेला रस्ता, बगळे, आणि दूर पियेदादची टेकडी. टेकडीवरच्या चर्चपाशी उभे राहिले की मांडवीचे फाटे आणि त्यापलीकडचे जुने गोवे एका दृष्टिक्षेपात येते. चर्चजवळच्या दफनभूमीत एका लहान प्रार्थनागृहात जुन्या मंदिराचे कोरीव अवशेष दिसतात. माझे स्नेही ते पाहून बराच वेळ निःशब्द उभे होते. नंतर आम्ही एका झाडाखाली बसलो, बरोबरचे जेवण जेवलो आणि दोन तास खरोखरच काही केले नाही.

त्या दोन तासांविषयी मला अपराधी वाटत नाही. ज्याला विसावा ठाऊक नाही तो इतरांनाही विसावा घेऊ देत नाही, हे कचेऱ्यांतून आणि घरांतून आपण पाहतोच. गीतेने आहाराच्या जोडीला विहारही मान्य केला आहे. फक्त दोहोंना मिळून ‘युक्त’ हे विशेषण लावले आहे. ॲरिस्टॉटलनेही करमणूक आणि निवांतपणा यांत भेद केला. करमणूक ही पुन्हा कामास जुंपता यावे म्हणून घेतलेली औषधाची मात्रा. निवांतपणा हा स्वतःच एक हेतू, ज्यासाठी आपण काम करतो. प्रश्न विश्रांती घ्यावी की नाही हा नाही. विहार युक्त कशाने होतो, हा आहे.

त्याचे उत्तर मला परतीच्या वाटेवर मिळू लागले. सावलीत एक वृद्ध ख्रिस्ती बाई पिशवी घेऊन बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, "माय, तुमचो गांव खूब सोबीत." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हय पूता, सोबीत. पूण रातीं कोण दुयेंत पडलो जाल्यार ही सोबीतकाय घेवन कितें करूं?" आणि थोडे थांबून, रागाचा लवलेश नसलेल्या स्वरात, "तुमी भोंवपाक येतात. आमी हांगा रावतात."

या शेवटच्या वाक्याने पिशवीतला कागद जड झाला. मला जी शांतता दोन तास मिळाली, ती त्यांना आयुष्यभर मिळते आणि तिची किंमतही त्याच मोजतात. नदीचा जो अडथळा मला विश्रांती देतो, तोच कोणाच्या तरी प्रसूतीच्या वेळी, कोणाच्या तरी छातीत कळ आली असता, आडवा येतो. मी मात्र तो अडथळा राखावा म्हणून सही करणार होतो. ‘स्वतःच्या दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये’ हे तत्त्व आम्ही वकील रोज उच्चारतो. निसर्गप्रेमाच्या नावाने मी माझ्याच एका सुखाच्या दाव्यात निकाल देण्यास बसलो होतो.

यावर कोणी म्हणेल की, पाहुणा पैसे मोजतो. बेटावरच्या जुन्या घरांतून आता निवासगृहे निघाली आहेत, तेथे तो भाडे देतो. मग ऋण कसले? पण भाडे ज्या घरमालकाला मिळते त्यानेच ती हिरवळ राखली आहे काय? खाजन शेते ही निसर्गाने दिलेली नाहीत. खाऱ्या पाण्यापासून ती शतकानुशतके बांध घालून मिळवलेली आहेत. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात. बांध वर्षानुवर्षे चिखल लिंपून टिकवावा लागतो. हे काम एकेकाळी गांवकारीच्या व्यवस्थेत सर्वांनी मिळून चाले. ती व्यवस्था सैल झाली, १९६४ च्या कूळकायद्याने जमिनीचे संबंध बदलले, तरुण माणसे पणजीकडे आणि परदेशी गेली. एक बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि कोरगुट भाताचे शेत पडीक होते. आपण जे दृश्य ‘फुकट’ पाहतो, त्याच्या मुळाशी अशी मजुरी आहे, आणि ती कोणत्याही बिलात लिहिलेली नसते.

रोमन कायद्यात आणि तेथून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत एक हक्क मानला आहे: दुसऱ्याच्या वस्तूचा उपभोग घेण्याचा हक्क. अट एवढीच की वस्तूचे सत्त्व उणे होता कामा नये. उपभोक्त्याने झाडाची फळे खावीत, झाड तोडू नये. सहलीला जाणाऱ्याचे स्थान मला याहून निराळे वाटत नाही. मात्र यात एक भर घातली पाहिजे. त्या वस्तूचे पुढे काय करावे हे ठरवणे उपभोक्त्याच्या अधिकारात येत नाही. ते जो तेथे राहतो त्याचे काम. मी फळ खाल्ले म्हणून झाड कसे वाढवावे याचा हुकूम मला देता येत नाही.

यात्रेकरू आणि सहलकरू यांत मला येथेच फरक दिसतो. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानाला जाणारा माणूस आपल्याला काय हवे एवढेच घेऊन जात नाही. तेथील नेमधर्म आधी पाळतो, मग मागणे मागतो. सहलकरू मागणे आधी मांडतो. आपण सगळे कधी ना कधी सहलकरू असतोच; त्यात कमीपणा नाही. पण थोडे यात्रेकरूचे मन बरोबर नेले तर विहार युक्त होतो.

संध्याकाळी आम्ही नार्व्याच्या फेरीने परतलो. देव गेला त्याच दिशेने, पण दिवसाउजेडी आणि कोणाचीही भीती न बाळगता. बोटीत आमच्या शेजारी दिवाडीचे एक कुटुंब होते. ऑगस्टात होणाऱ्या बोंदेरामाची गोष्ट त्यांनी सांगितली. वाड्यांमध्ये हद्दीवरून तंटे होत; राज्यकर्त्यांनी सीमेवर निशाणे रोवली आणि लोकांनी ती पाडली. आज त्याच तंट्याचा उत्सव होतो आणि दोन्ही वाडे त्यात हसतात. इतकी वर्षे हद्दीचे दावे चालवूनही एवढी समाधानकारक तडजोड मी घडवू शकलेलो नाही.

सप्तकोटीश्वराचे दर्शन घेऊन घरी गेलो. काकांना म्हणालो, "तुमचा आक्षेप मला पटला आणि पटला नाही. तेथे काय घडले ते विसरून जाऊ नये, हे खरे. पण आज तेथे राहणाऱ्या माणसांवर त्या काळाचा दावा लावता येणार नाही. त्यांचेही पूर्वज त्याच गांवकारीतले, त्याच बांधांवर राबलेले. इतिहास हा पुरावा आहे, हुकूमनामा नव्हे." काका म्हणाले, "आणि मौज?" मी म्हणालो, "केली. पण तिचे देणे राहिले आहे."

दुसऱ्या दिवशी निवेदन सहीविना परत पाठवले. सोबत चार ओळी लिहिल्या: पूल व्हावा असे माझे मत नाही आणि होऊ नये असेही नाही. पुलावरून दवाखाना जवळ येईल, तशी जमिनीची गिऱ्हाइकेही जवळ येतील. बेटावरच्या लोकांतही यावर दोन मते असणार. तेव्हा हा कागद प्रथम त्यांच्या ग्रामसभेपुढे न्यावा. त्यांनी मदत मागितली तर, ते ज्या बाजूने म्हणतील त्या बाजूने, मसुदा मी विनामूल्य करून देईन. स्नेही थोडे नाराज झाले. काकांनी ते पत्र दोनदा वाचले आणि पुढच्या सोमवारी, पूजेहून परतल्यावर, विचारले, "नार्व्याहून पलीकडे जायला फेरी किती वाजता असते रे?"