मागची दोरी



ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातील हसनाळ-रावणगाव परिसराला पुराने वेढले. अशा वेळी बचावाच्या बोटीला पाण्यात उतरण्याआधी ट्रेलरवरून खड्ड्यांचा रस्ता पार करावा लागतो. ती वाटेतच घसरली तर छपरावर बसलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

आपण ट्रॉलीत ऊस-कडबा बांधणारी माणसे, हे आपल्याला लवकर कळेल. पुढचा पट्टा आवळला की आपण निश्चिंत होतो. पण तो बोटीचे फक्त नाक धरतो. खड्ड्यात दणका बसला की मागची बाजू उचलते. म्हणून मागच्या दोन्ही कड्यांना पट्टे लावून ते ट्रेलरच्या चौकटीला ओढून बांधावेत. गाडीच्या जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावाव्यात. जोड निसटलाच तर दांडी त्यांच्यावर झेलली जाते. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडावर यावा. भार मागे गेला तर ट्रेलर डुलू लागतो. थोडे अंतर गेल्यावर थांबून सर्व पुन्हा तपासावे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ पाहा. पौलाचे जहाज वादळात सापडले, तेव्हा खलाशांनी लहान होडी कष्टाने वर घेतली आणि मग जहाजाखालून दोर नेऊन ते आवळले. वादळातही त्यांना वेळ मिळाला. आपल्याला मात्र दहा मिनिटे नसतात! आपल्या मागून मोटारसायकलवर येणारा अनोळखी मनुष्य, तोच आपला शेजारी.

पावसाळ्यापूर्वी पट्टे पसरून पाहावेत. धागे सुटलेला पट्टा बदलावा.