निष्पत्तीचे दायित्व कोणाचे?

मूल शाळेत किती वर्षे बसले यापेक्षा ते काय शिकून बाहेर पडले याचा हिशेब शासनाने ठेवावा, या तत्त्वास कोणताही विवेकी मनुष्य सहसा विरोध करणार नाही. व्यावसायिक प्रशिक्षणाच्या क्षेत्रात २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याने हेच तत्त्व अंगीकारले. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत दुरुस्ती होऊन प्राथमिक शिक्षणासाठी इयत्तावार व विषयवार ‘अध्ययन निष्पत्ती’ निश्चित करणे बंधनकारक झाले. तिसरीच्या मुलास ९९९ पर्यंतच्या संख्या स्थानिक किमतीसह वाचता-लिहिता याव्यात, या अपेक्षेत आक्षेपार्ह असे काय आहे? अडचण सुरू होते ती ही अपेक्षा परिपत्रकाच्या वाटेने शाळेपर्यंत उतरते तेव्हा.

हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. १९९१ मध्ये दवे समितीने किमान अध्ययन क्षमता निश्चित केल्या आणि महाराष्ट्राने १९९५ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम स्वीकारला; परंतु क्षमतांना क्रमांक मिळाले, क्रमांकांचे तक्ते झाले, आणि मुलाला काय येत नाही हे शिक्षकाने ओळखावे म्हणून जे साधन निर्माण झाले होते, ते त्याच्या कामाची नोंद वरिष्ठांना दाखविण्याच्या कामी येऊ लागले. एकच विधान शिक्षकाच्या हाती निदान असते आणि तपासणीच्या दप्तरात आरोप ठरते; ज्याच्यावर आरोप येण्याचा संभव आहे, तो निदान प्रामाणिकपणे कसे लिहील?

इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि निरीक्षकाने घेतलेल्या वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेशी जोडले, तेव्हा स्वतः निरीक्षक असलेल्या कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीने अध्यापन यांत्रिक होईल असा इशारा दिला होता. मुंबई इलाख्यातील जोतीराव फुले यांचा आक्षेप याहून मूलगामी होता. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, गरीब व अशिक्षित समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झाली नसल्याने निकालावर मोबदला देण्याची पद्धत तेथे उपयोगाची नाही. तेथे सरकारनेच शाळा चालवाव्यात. त्याच निवेदनात शिक्षकाचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, अशीही मागणी त्यांनी केली. फळाची अपेक्षा करणाऱ्याने आधी साधनांची तजवीज करावी, हा त्यातील न्याय आजही अबाधित आहे.

शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक देते. वाडी-वस्तीवरील अशा द्विशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. निष्पत्तींची यादी मात्र प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र शिक्षक आहे असे गृहीत धरून वाचली जाते. शिवाय पाठ्यपुस्तक ठराविक मुदतीत संपविण्याची सक्ती कायम असताना, मागे राहिलेल्या मुलासाठी थांबण्याचा अधिकार शिक्षकास कोणत्या हुकमाने मिळतो?

म्हणून अंमलबजावणीचा क्रम उलटविला पाहिजे. प्रत्येक निष्पत्तीसमोर शासनाचे देणे काय, किती शिक्षक, किती वेळ, गती ठरविण्याचे किती स्वातंत्र्य, हे आधी लिहिले जावे आणि तपासणीचा आरंभ त्या रकान्यापासून व्हावा. ते देणे फिटल्यावर शिक्षकाकडून जाब घेण्यास कोणी संकोचू नये. तोवर मात्र तो जाब मागण्याचा नैतिक अधिकार शासनास पोहोचत नाही.