जक्कयने केलेला हिशेब



लूकच्या शुभवर्तमानात (19:1-10) यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय भेटतो. धनवान, पण लोकांच्या मनातून उतरलेला. येशूला पाहण्यासाठी तो झाडावर चढला. प्रभूने त्याला नावाने हाक मारली व त्याच्याच घरी मुक्काम केला. आधी सुधार, मग येतो, अशी अट घातली नाही. पैशांचा विषय प्रभूने काढल्याचे लूक सांगत नाही. तरी जक्कय आपणहून उठला: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट. मोशेच्या नियमशास्त्रानुसार अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम व वर तिचा पाचवा हिस्सा दिला तरी पुरे होते!

मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद स्वीकारताना तोच प्रभू आपल्याही घरी येतो. मग भावाचा दाबून ठेवलेला वाटा, मजुराची अडवलेली मजुरी, शेजाऱ्याशी धरलेला अबोला यांचे काय? प्रार्थनेत डोळ्यांत पाणी येणे सोपे आहे. हातातले परत करणे कठीण. या आठवड्यात असे एक तरी देणे फेडू या.

प्रभू आपणांस ते धैर्य देवो. आमेन.